नोकरी जाण्यापूर्वी पगारातील करकपात कशी दुरुस्त करावी?
(अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसाठी व तेथे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासपाठ)

आपल्या सभासदांच्या घरांतील अनेक मुले-मुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले असते, त्या कर्जाला वडील किंवा आई जामीनदार असतात, आणि हप्ता मुलाच्या तिकडच्या पगारातून फिटत असतो. अशा वेळी कंपनीने कर्मचारी कमी करण्याचे ठरविले, तर त्याचा धक्का केवळ त्या मुलाला बसत नाही, इकडच्या घरालाही बसतो. नोकरी टिकविणे दरवेळी आपल्या हाती नसते. परंतु नोकरी जाणार हे अगोदर कळले, तर उरलेल्या पगारातून गरजेपेक्षा जास्त कर कापला जाऊ न देणे मात्र आपल्या हाती असते. हे कसे करावयाचे, त्यात कोणते नियम पाळावयाचे आणि कोठे सावध राहावयाचे, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करू.

१. ही कपात आली कोठून?

अमेरिकेत पूर्वी एका वर्षाच्या उत्पन्नावरील आयकर पुढील वर्षी चार हप्त्यांत भरावा लागे. ज्याची नोकरी दरम्यान गेली, त्याच्यापुढे मोठी अडचण उभी राही. उत्पन्न मागच्या वर्षाचे, कर मागच्या वर्षाचा, आणि यंदा हातात काहीच नाही! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयकर सामान्य कामगारापर्यंत पोहोचला, तेव्हा ही अडचण लाखो घरांची झाली. मेसी या प्रसिद्ध दुकानाचे खजिनदार व न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष बियर्ड्सली रमल यांनी ‘कमवा तसा कर भरा’ ही कल्पना जोराने मांडली. त्यानंतर १९४३ साली चालू करभरणा कायदा झाला आणि १ जुलै १९४३ पासून मालकाने पगारातूनच कर कापून सरकारजमा करण्याची पद्धत सुरू झाली.

या पद्धतीने जुना प्रश्न सुटला, पण एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर कराचे देणे राही. आता वर्षाच्या मध्यात नोकरी गेलेल्या माणसाचा कर बहुधा अगोदरच जास्त कापला गेलेला असतो. त्याचे पैसे सरकारकडे अडकून पडतात, आणि तेही नेमके ज्या महिन्यांत त्याला त्यांची सर्वांत अधिक गरज असते त्या महिन्यांत.

२. जास्त कर का कापला जातो?

भारतात पगारावरील टीडीएस कापताना मालक आपल्या पूर्ण वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घेतो, आणि अगोदर कमी-जास्त कापले गेले असल्यास पुढील महिन्यांत ते जुळवून घेतो. वर्षाच्या मध्यात नवीन ठिकाणी रुजू झाल्यास जुन्या नोकरीचे उत्पन्न व कपात नव्या मालकाला कळविता येते.

अमेरिकेतील सर्वसाधारण पद्धत निराळी आहे. तेथे प्रत्येक पगार स्वतंत्रपणे मोजला जातो. या महिन्यात जेवढा पगार आला तेवढाच वर्षाचे बाराही महिने मिळणार, असे गृहीत धरून वर्षाचा कर काढतात आणि त्याचा बारावा भाग कापतात. पगार दर पंधरवड्याला असेल तर सव्वीसावा भाग. तुम्ही जूनमध्ये घरी बसणार आहात, हे त्या हिशेबाला ठाऊक नसते. ते त्याला सांगण्याचे साधन म्हणजे डब्ल्यू-४ हा नमुना.

३. एक उदाहरण

समजा, एक अविवाहित कर्मचारी दरमहा ५,००० डॉलर मिळवितो. त्याला दुसरे उत्पन्न नाही आणि करदृष्ट्या तो अमेरिकेचा रहिवासी आहे. २०२६ या करवर्षासाठी त्याला १६,१०० डॉलरची प्रमाणित वजावट मिळते. उरलेल्या उत्पन्नापैकी पहिल्या १२,४०० डॉलरवर १० टक्के, व त्यापुढे ५०,४०० पर्यंतच्या भागावर १२ टक्के कर आहे.

पूर्ण वर्ष काम केल्यास हिशेब असा होईल:
वर्षाचा पगार : ६०,०००
वजावटीनंतर करपात्र : ४३,९००
कर : १,२४० अधिक ३,७८०, एकूण ५,०२०
दरमहा कपात : सुमारे ४१८

आता समजा, ३० जूनला नोकरी संपली व पुढे वर्षभर काहीच उत्पन्न झाले नाही:
सहा महिन्यांचा पगार : ३०,०००
वजावटीनंतर करपात्र : १३,९००
खरा कर : १,२४० अधिक १८०, एकूण १,४२०
सहा महिन्यांत झालेली कपात : २,५१०
जास्त कापलेली रक्कम : १,०९०

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पगार निम्मा झाला म्हणून कर निम्मा झाला नाही. तो निम्म्याहून बराच कमी झाला. कारण प्रमाणित वजावट पूर्ण वर्षाचीच मिळते आणि कमी दराचा टप्पाही पूर्ण वापरता येतो. एप्रिलअखेरपर्यंतच त्याचे सुमारे १,६७३ डॉलर कापले गेले आहेत, म्हणजे वर्षाचा संपूर्ण कर चार महिन्यांतच भरून झाला आहे. मे व जूनमधील कपात ही निव्वळ सरकारकडे ठेवलेली ठेव होय, आणि तीही बिनव्याजी.

हे पैसे बुडत नाहीत, हे खरे. पुढील वर्षी विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात. विवरणपत्र संगणकाद्वारे भरल्यास बहुतेक परतावे एकवीस दिवसांच्या आत येतात. पण जूनमध्ये नोकरी गेलेल्या माणसाला पुढल्या फेब्रुवारीत येणाऱ्या पैशाने जुलैचे घरभाडे देता येत नाही. शिवाय नोकरीबरोबर आरोग्यविम्यातील कंपनीचा वाटाही जातो. कोब्रा कायद्याखाली तोच विमा सर्वसाधारणपणे अठरा महिने चालू ठेवता येतो, परंतु पूर्ण हप्ता व वर दोन टक्क्यांपर्यंत खर्च स्वतःच भरावा लागतो. अशा वेळी हाती असलेल्या हजार डॉलरची किंमत फार मोठी असते.

४. वेळ किती मिळते?

१९८८ च्या ‘वॉर्न’ कायद्यानुसार, शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने कारखाना बंद करताना किंवा मोठी कर्मचारीकपात करताना साठ दिवस अगोदर लेखी सूचना द्यावयाची असते. या कायद्याला अपवाद आहेत आणि एकट्यादुकट्याला काढताना तो लागू होत नाही. तथापि ज्यांना सूचना मिळते, त्यांना दोन महिन्यांचा अवधी असतो.

दुसऱ्या बाजूला, कर्मचाऱ्याने नवा डब्ल्यू-४ दिल्यावर मालकाने तो तिसाव्या दिवशी किंवा त्यानंतर संपणाऱ्या पहिल्या वेतनकाळाच्या सुरुवातीपासून तरी अमलात आणावाच लागतो. मालक त्याआधीही आणू शकतो. या दोन मुदती शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे कळते की, सूचना हाती पडल्यावर महिनाभर विचार करीत बसल्यास निम्मी संधी गेलीच. डब्ल्यू-४ वर्षातून कितीही वेळा बदलता येतो व त्यासाठी कारण सांगावे लागत नाही.

५. नमुना कसा भरावा?

२०२० पूर्वी या नमुन्यात ‘अलाउन्स’ची संख्या लिहीत. २०२० पासून ती पद्धत गेली. आताच्या नमुन्यात पाच टप्पे आहेत. पहिल्यात नाव व विवरणपत्राचा प्रकार. दुसऱ्यात एकापेक्षा अधिक नोकऱ्या किंवा पती-पत्नी दोघांची नोकरी. तिसऱ्यात अवलंबून असलेल्या व्यक्ती व इतर करसवलती. चौथ्यात इतर उत्पन्न, इतर वजावटी आणि जादा कपात यांचे तीन रकाने. पाचव्यात सही.

कामाचा क्रम असा ठेवावा:

पहिले, अगदी ताजे वेतनपत्रक काढावे. त्यात वर्षारंभापासूनचा पगार व वर्षारंभापासूनची संघीय आयकराची कपात हे दोन आकडे असतात.

दुसरे, नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत आणखी किती पगार येणार, न वापरलेल्या रजेचे किती पैसे मिळणार, सेवासमाप्तीची रक्कम मिळणार का, हे लिहून काढावे.

तिसरे, नोकरीनंतर वर्षभरात येऊ शकणारे उत्पन्न मांडावे. बेकारी भत्ता, बँकेचे व्याज, जोडीदाराचा पगार, आणि नवीन नोकरी मिळण्याची शक्यता.

चौथे, हे सर्व आयकर खात्याच्या म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावरील करकपात अंदाजयंत्रात भरावे. त्यात नोकरी कोणत्या तारखेला संपणार हे सांगता येते. कोणत्या टप्प्यात कोणता आकडा लिहावा, ते हे यंत्रच सांगते. आपल्या मनाने आकडा टाकू नये. नमुन्यातील सवलतींची रक्कम पूर्ण वर्षाची समजून मालक तिचे वर्षातील वेतनकाळांमध्ये समान भाग करतो. त्यामुळे उरलेल्या दोन महिन्यांसाठी म्हणून लिहिलेला आकडा बाराने भागला जातो आणि अपेक्षित परिणाम होत नाही.

पाचवे, पुढचा पगार आल्यावर कपात खरोखर बदलली का ते तपासावे.

एक मर्यादा ध्यानात असावी. सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के ही कपात डब्ल्यू-४ मुळे बदलत नाही. राज्याचा आयकरही वेगळा असतो. कॅलिफोर्नियात डीई-४ व न्यूयॉर्कमध्ये आयटी-२१०४ असे राज्यांचे स्वतंत्र नमुने आहेत. टेक्सास, फ्लोरिडा व वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही.

६. सेवासमाप्तीची रक्कम व बेकारी भत्ता

सेवासमाप्तीची रक्कम, बोनस आणि रजेचे एकरकमी पैसे यांना ‘पूरक वेतन’ म्हणतात. त्यावर मालक बहुधा सरसकट २२ टक्के आयकर कापतो, आणि या सपाट दरावर डब्ल्यू-४ चा परिणाम होत नाही. वरील उदाहरणातील कर्मचाऱ्याला १०,००० डॉलर मिळाले असे समजू. २,२०० डॉलर कापले जातील. प्रत्यक्षात तो १२ टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने त्या रकमेवरील कर १,२०० डॉलरच होतो. म्हणजे आणखी १,००० डॉलर अडकले. अशी रक्कम येणार हे ठाऊक असेल तर अंदाजात ती व तिच्यावरील कपात दोन्ही धरावीत. तिच्यावर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची कपातही होते. २०१४ साली क्वालिटी स्टोअर्सच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

बेकारी भत्त्याविषयी अनेकांचा गैरसमज असतो की, हा सरकारी मदतीचा पैसा असल्याने त्यावर कर नाही. १९८६ च्या करसुधारणा कायद्यापासून हा भत्ता संघीय आयकरास पूर्णपणे पात्र आहे. २०२० या एका वर्षासाठी, महामारीमुळे, ठराविक उत्पन्नमर्यादेखालील लोकांना १०,२०० डॉलरपर्यंत सूट दिली होती; ती कायमची नव्हे. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये आपला राज्यकर त्यावर लावीत नाहीत, पण संघीय कर लागतोच. या भत्त्यातून आपोआप कर कापला जात नाही. हवा असल्यास डब्ल्यू-४व्ही हा नमुना देऊन १० टक्के कपात मागता येते. भत्ता राज्यामार्फत मिळतो, त्याच्या अटी राज्यागणिक वेगळ्या आहेत, आणि काम करण्याची कायदेशीर परवानगी असणे त्यासाठी आवश्यक असते.

७. सावधगिरी

आता आपल्या उदाहरणाची दुसरी बाजू पाहू. कर्मचाऱ्याने मे व जूनमधील कपात शून्य करून घेतली. सेवासमाप्तीची रक्कम मिळाली नाही. पुढे त्याने बारा आठवडे दर आठवड्याला ४०० याप्रमाणे ४,८०० डॉलर बेकारी भत्ता घेतला व त्यातून कर कापू दिला नाही. ऑक्टोबरपासून ५,००० डॉलरचीच नवी नोकरी मिळाली. वर्षाचे उत्पन्न झाले ४९,८०० आणि कर झाला ३,७९६. पहिल्या चार महिन्यांची कपात १,६७३ व शेवटच्या तीन महिन्यांची १,२५५ मिळून २,९२८ होते. म्हणजे पुढील १५ एप्रिलपर्यंत त्याला ८६८ डॉलर खिशातून भरावे लागतील. त्याने मूळ कपात तशीच ठेवली असती, तर तूट केवळ ३१ डॉलरची असती.

याचा अर्थ कपात कमी करणे चूक होते असा नाही. अडचणीच्या महिन्यांत ८३७ डॉलर त्याच्या हाती राहिले, हा लाभ झालाच. अर्थ एवढाच की परिस्थिती बदलली की डब्ल्यू-४ पुन्हा बदलावा. नवी नोकरी मिळताच पुन्हा अंदाज करावा, आणि तूट दिसत असल्यास चौथ्या टप्प्यात जादा कपात लिहावी.

दंडाविषयीचा नियम असा आहे. विवरणपत्र भरताना देणे १,००० डॉलरपेक्षा कमी निघाले, किंवा चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के अथवा गतवर्षीच्या कराच्या १०० टक्के रक्कम वेळेवर भरलेली असली, तर कमी भरणा केल्याचा दंड लागत नाही. गतवर्षीचे समायोजित उत्पन्न दीड लाख डॉलरहून अधिक असल्यास १०० ऐवजी ११० टक्के धरावे लागतात.

आणखी एक मोह टाळावा. कोणी सांगतो, “करमुक्त असे लिहून द्या, काहीच कापणार नाहीत.” हा दावा तोच करू शकतो, ज्याला मागील वर्षी काहीच कर लागू नव्हता आणि या वर्षीही लागणार नाही अशी अपेक्षा आहे. वर्षभर काम केलेल्या आपल्या कर्मचाऱ्याला तो अधिकार नाही. डब्ल्यू-४ वरील सही खोटे लिहिल्यास शिक्षेस पात्र राहण्याच्या प्रतिज्ञेखाली असते. वाजवी आधाराशिवाय कपात कमी करविणारे विधान केल्यास ५०० डॉलर दंड होतो, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास फौजदारी कारवाईही होऊ शकते. आपला खरा अंदाज लिहिणे हा हक्क आहे. खोटा दावा करणे हा गुन्हा आहे. या दोहोंतील फरक विद्यार्थ्यांनी पक्का करून ठेवावा.

८. भारतीय विद्यार्थ्यांसाठी विशेष

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे करदृष्ट्या अनिवासी मानला जातो. अनिवासी व्यक्तीला एरवी प्रमाणित वजावट मिळत नाही. परंतु भारत व अमेरिका यांच्यातील १९८९ च्या करारातील एकविसाव्या कलमामुळे भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला ती मिळते. हा लाभ फार थोड्या देशांच्या विद्यार्थ्यांना आहे आणि अनेकांना तो ठाऊकही नसतो. अनिवासी विद्यार्थ्याने डब्ल्यू-४ भरताना विवाहित असला तरी अविवाहिताचाच प्रकार निवडावयाचा असतो आणि चौथ्या टप्प्याखालील जागेत ‘एनआरए’ ही अक्षरे लिहावयाची असतात. वर सांगितलेले अंदाजयंत्र अनिवासींसाठी नाही, हेही ध्यानात ठेवावे. अशा विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर सहसा कापले जात नाही. कापले गेल्यास मालकाकडे परत मागावे.

पदवीनंतर वर्षाच्या मध्यात पहिली नोकरी धरणाऱ्यांनाही जास्त कपातीचा अनुभव येतो. त्यांच्यासाठी ‘अंशवर्ष पद्धत’ आहे. वर्षात २४५ दिवसांपेक्षा अधिक नोकरी होणार नाही, असे लेखी कळवून मालकाला ही पद्धत वापरण्याची विनंती करता येते. १ मे ते ३१ डिसेंबर हे बरोबर २४५ दिवस होतात. मालकाने विनंती मान्य केलीच पाहिजे असे मात्र नाही.

नोकरी गेल्यावर व्हिसाचे घड्याळही चालू होते. एच-१बी धारकास २०१७ पासून लागू नियमानुसार जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते. ओपीटीवरील विद्यार्थ्याला एकूण नव्वद दिवसांपर्यंत, व विज्ञान-तंत्रज्ञान शाखेची वाढीव मुदत मिळाली असल्यास दीडशे दिवसांपर्यंत बेकार राहता येते. जो वर्षाच्या मध्यात कायमचा भारतात परतणार आहे, त्याचा करदृष्ट्या दर्जा त्या वर्षात बदलू शकतो आणि तसे झाल्यास प्रमाणित वजावटही हातची जाऊ शकते. अशाने वरील उदाहरण स्वतःला जसेच्या तसे लावू नये. जाणकाराचा सल्ला घेऊन मगच कपात कमी करावी. परत आला तरी पुढील वर्षी विवरणपत्र भरण्यास चुकू नये. जास्त कापलेले पैसे मागितल्याशिवाय परत येत नाहीत.

९. सारांश

नोकरी जाण्याची वार्ता आली की माणूस गोंधळतो, लाजतो, घरी सांगत नाही. इकडे जामीनदार आई-वडिलांना हप्ता थकल्यावर बँकेच्या पत्रावरून कळते. तसे होऊ नये. पहिल्याच आठवड्यात तीन कामे करावीत. घरी सांगावे, वेतनपत्रक काढून वर्षाचा हिशेब मांडावा, आणि नवा डब्ल्यू-४ द्यावा. यातून फार मोठी रक्कम मिळत नाही. पण एक-दोन हप्ते किंवा एका महिन्याचे भाडे निघते, आणि नवी नोकरी शोधणाऱ्याला तेवढाही अवधी मोलाचा असतो.

स्वाध्याय

१. एका अविवाहित कर्मचाऱ्याचा पगार दरमहा ४,००० डॉलर आहे. त्याची नोकरी सप्टेंबरअखेर संपली व नंतर उत्पन्न नाही. २०२६ च्या दरांनी नऊ महिन्यांची कपात, खरा कर आणि परतावा काढा. (उत्तर : २,६८५, २,१४०, ५४५ डॉलर)

२. वरील कर्मचाऱ्याने नोकरीनंतर २,००० डॉलर बेकारी भत्ता घेतला, तर त्याचा कर किती वाढेल? डब्ल्यू-४व्ही देऊन केलेली कपात त्याला पुरेल काय? (उत्तर : २४० डॉलर वाढेल, कपात २०० डॉलर होईल, ४० कमी पडतील, पण ते परताव्यातून वळते होतील.)

३. भारतातील टीडीएस व अमेरिकेतील पगारकपात यांतील मुख्य फरक आपल्या शब्दांत लिहा, व वर्षाच्या मध्यात नोकरी गेल्यास कोणत्या पद्धतीत पैसे अधिक अडकतात ते सांगा.